शेवटचं बटण

नवनाथ काळेलचा जीव कुणामुळे गेला, हे चौकशी समितीला सात महिने आणि दीडशे पानं खर्ची घालूनही कळलं नाही. तेजश्रीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती त्याची बायको होती.

मार्चचा महिना होता. तिने कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. तिसरा दिवस होता, त्या दिवशी वाटले नसते तर वाया गेले असते, आणि सकाळपासून लाईट नव्हती. लाईट नव्हती याचं कारणही तिचाच नवरा. पळसमाळच्या फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज नेणाऱ्या लाईनवर, परमिट घेऊन तो खांबावर चढला होता. परमिट म्हणजे हमी. लाइनमन वर असेपर्यंत उपकेंद्रातला ऑपरेटर लाईन चालू करणार नाही आणि लाइनमनने स्वतः 'काम झालं' असं कळवल्यावरच करील, अशी. सव्वाअकराला नवनाथचा फोन आला, "दहा मिनिटांत होतंय गं." तिने दहा मिनिटं कळ काढली आणि मग गावातली कुठलीही बाई करते तेच केलं. उपकेंद्रात फोन लावला. "मामा, सोडा की लाईट. झालं म्हणाले त्यांचं."

ऑपरेटर शिंदेमामांनी काळेलांच्या घरचा आवाज ओळखला आणि बटण दाबलं.

समितीपुढे मामांनी एवढंच सांगितलं, की त्या सकाळी चाळीसेक फोन आले, त्यातल्या एकाने काम झाल्याचं कळवलं, आवाज ओळखू आला नाही. त्यांनी तिचं नाव का घेतलं नाही, हे विचारायचं धाडस तेजश्रीला झालं नाही. वर्षाच्या आत मामाही गेले. मग कंपनीने अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी दिली. कागदावरची दया कशी असते बघा, तिला नेमकी मामांच्याच खुर्चीत बसवलं. समोर तेच बटण, उजव्या हाताला तोच फोन.

नवनाथला जाऊन पाच वर्षं झाली. तोवर माणदेशाचे उघडे माळ काळ्या सौर पट्ट्यांनी झाकून गेले होते आणि उपकेंद्रातलं बहुतेक काम यंत्र आपलं आपण करत होतं. कुठे किती वीज हवी, कुठली लाईन कधी जोडायची, सगळं तेच ठरवायचं. फक्त ज्या लाईनवर परमिट घेऊन माणसं चढली असतील, तिथलं शेवटचं बटण माणसानेच दाबायचं असा नियम होता. यंत्राला लाईन दिसते, तिच्यावरचा माणूस दिसत नाही.

तेजश्रीला मात्र तो माणूस दिसायचा. डोळे उघडे ठेवूनही दिसायचा. परमिट परत आलं की ती एकेकाला फोनवर बोलवायची. "नाव सांगा. पाय जमिनीवर आहेत का? शेजारी कोण आहे? द्या त्यांना." सगळी नावं झाली की पुन्हा पहिल्यापासून. लाइनमन वैतागायचे, हसायचे, पण नावं सांगायचे. नवनाथचा धाकटा भाऊ सूरजही त्यांच्यातच होता. त्याच्या आईने पायाशी बसून नको म्हटलं तरी तो लाइनमन झालाच. सूरज वर असला की तेजश्रीचा हात बटणापर्यंत जायचाच नाही. बोटं आखडायची, अर्धा अर्धा तास जायचा.

एकदा पन्नास मिनिटं गेली. दूध संकलन केंद्रातलं दूध नासलं, लोक उपकेंद्रावर चालून आले.

"ताई, मी तुम्हाला चार वर्षं सांभाळून घेतलं," अभियंता जगदाळे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आता वरून पत्र आलंय. एक तर शमन करून घ्या, ते आठवणीतली भीती काढायचे उपचार, नाहीतर खुर्ची सोडा."

"खुर्चीत दुसरं कोण येईल, साहेब?"

"येईल कुणीतरी. नवीन पोरं आहेत की."

नवीन पोरं एका फोनवर लाईन सोडतात, हे तिला ठाऊक होतं. सूरजच्या डोक्यावरचं बटण त्यांच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. तिने शमनाच्या कागदावर सही केली.

साताऱ्यातल्या उपचार केंद्रात डॉक्टर वळसंगकर नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, शांत, समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी तेजश्रीला आधी चहा दिला आणि मग समजावून सांगितलं.

"आठवण एकदा झाली की कायमची कोरली जाते, असं आपण समजतो. तसं नसतं. तूप कसं, ऊन लागलं की पातळ होतं आणि गार झालं की पुन्हा थिजतं? आठवणीचं तसंच आहे. तुम्ही एखादी गोष्ट मनापासून आठवता तेव्हा ती पातळ होते. चार-पाच तासांनी मेंदू ती नव्याने घट्ट करतो. त्यासाठी त्याला काही प्रथिनं तयार करावी लागतात."

"आणि तुम्ही ती करू देत नाही?"

"सगळी नाही. काय घडलं, कधी घडलं, हे मेंदूत एकीकडे साठतं. त्याची भीती, त्याचं दुःख हे दुसरीकडे, कानाच्या आत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते, तिथे. आम्ही ध्वनिलहरी फक्त त्या गाठीवर रोखतो आणि औषध तिथेच मोकळं होतं. आठवण राहते, तिची कळ जाते. तुम्ही नवनाथना विसरणार नाही."

"नक्की?"

"नक्की. मात्र एक लक्षात घ्या. तुम्ही जे सांगाल, तेवढंच पातळ होईल. जे मनात ठेवाल, त्याला औषध पोचणार नाही."

तेजश्रीने मान हलवली आणि मनाशी ठरवून टाकलं, की फोनचं सांगायचं नाही. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, या परक्या बाईला कशाला सांगायचं?

इथे एक चूक झाली, आणि ती विजेच्या खात्यातल्या माणसाकडूनच होऊ शकते. त्या खोलीत बसणारी बाकीची माणसं काय सांगत? दवाखान्याचं दार, उंबऱ्याशी राहिलेल्या चपला, पांढऱ्या चादरीखालचे पाय. तेजश्रीने हे काहीच सांगितलं नाही. तिने ती गोष्ट खात्याच्या सुरक्षा बैठकांमध्ये इतक्यांदा सांगितली होती, की तिला ती एकाच तऱ्हेने सांगता यायची. डोक्यावर ध्वनिलहरींची टोपी चढवून, हाताला सुई लावून, डोळे मिटून ती जबाब दिल्यासारखी बोलू लागली. "सकाळी आठ चाळीसला परमिट दिलं. ब्रेकर उघडून लाईन तोडली. अकरा पंचवीसला फोन वाजला. कुणीतरी म्हणालं, काम झालं. ऑपरेटरने नाव विचारलं नाही. माणसं मोजली नाहीत. बटण दाबलं." आणि हे सांगताना ती घामाने निथळत होती. डॉक्टरांना वाटलं, बरोबर जागी हात पडला.

असं तीनदा झालं. फोन, नाव, मोजणी, बटण. एकेक गोष्ट पातळ झाली आणि कळ गाळून पुन्हा थिजली.

शमनाने खरोखर गुण आला. खोटं कशाला सांगा? तिला झोप लागू लागली. अन्नाला चव आली. उपकेंद्राच्या वाटेवर तिने एकदा कोतवाल पक्षी पाहिला आणि पाहतच राहिली, पाच वर्षांत तिने तारांवर बसलेलं काही धड पाहिलं नव्हतं. परमिटची लाईन ती चार मिनिटांत सोडू लागली. जगदाळे साहेबांनी तिच्या नावाचा तक्ता भिंतीवर लावला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ऑपरेटरांना शमन द्यावं, दुःख असो वा नसो, असा प्रस्ताव वर पाठवला.

पहिल्यांदा बिचकली ती आत्या. तेजश्री सासूला आत्या म्हणायची, त्या भागात म्हणतातच. आत्या एका दुपारी ज्वारी पाखडत होती. बोलता बोलता तेजश्री म्हणाली, "नवनाथ गेले तेव्हा ही भिंत पडली होती ना?"

आत्याचं सूप थांबलं. "आगं, कसं म्हणलीस?"

"काय म्हणाले?"

"नळ गेला, पाणी गेलं, तसं म्हणलीस."

तेजश्री हसली. "आत्या, बरं वाटतंय मला. तुम्हीही चला एकदा."

"मला न्हाय जायाचं," आत्या म्हणाली आणि सूप उचलून मागल्या दारी गेली. ती जाताना तेजश्रीला वाईट वाटायला हवं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पण वाईट वाटलं नाही.

त्यानंतर आठवडाभराने, एका मंगळवारी, सूरज आणि इर्शाद मुलाणी पळसमाळच्या फीडरवर गेले. इर्शाद नवनाथच्या बरोबरीचा, मुरलेला लाइनमन. अकरा चाळीसला फोन वाजला.

"वहिनी, सूरज. काम झालं. सोडा."

आवाज सूरजचाच होता. तिला सगळे प्रश्न पाठ होते. इर्शादला फोनवर घ्यायचं, दोघांचे पाय जमिनीवर आहेत का ते विचारायचं. प्रश्न माहीत असणं आणि विचारावासा वाटणं यात अंतर असतं, हे तिला तोवर कळलेलं नव्हतं. तिने मराठी शाळेतली कविता मनात म्हणून टाकावी तशी ती यादी मनातल्या मनात म्हटली आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल रेघ उठली. लाईन जोडली गेली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटली. तेजश्रीने नोंद केली, 'अकरा बेचाळीस, फीडर ट्रिप'. मग तिने कपात उरलेला चहा संपवला.

इर्शाद वरच होता. तार धरणारी एक पट्टी सैल वाटली म्हणून तो पुन्हा चढला होता आणि सूरजने खालून फोन लावला होता. शेजारच्या खांबावर लाईनला जमिनीशी जोडणारी साखळी अजून काढलेली नव्हती. वीज तिच्यातून जमिनीत उतरली, म्हणून माणूस वाचला. ठिणगीने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि तो कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत राहिला.

दुपारी तीनला सूरज उपकेंद्रात आला. शर्ट काळा, ओठ पांढरे. दारातच उभा राहिला.

"वहिनी, तुमी विचारलं न्हाय."

"भावजी, तुम्ही काम झालं म्हणालात."

"व्हय, म्हणालो!" तो ओरडला आणि लगेच रडायला लागला. "म्हणालो मी. पर तुमी विचारताच की! चार वर्षं झाली, तुमी विचारताच. वहिनी मोजत्यात म्हणून आमी खाली मोजायचंच सोडलं हुतं. सगळ्यांनीच सोडलंय, वहिनी. साऱ्या सेक्शननं."

तेजश्रीने त्याला पाणी दिलं. तिचा हात स्थिर होता. पेल्यातलं पाणी जराही हललं नाही, आणि ते न हललेलं पाणी पाहून ती घाबरली. भीती अजून कुठेतरी शिल्लक होती तर. पण ती सूरजबद्दल नव्हती, इर्शादच्या हाताबद्दल नव्हती. तिला स्वतःची भीती वाटली. उद्या फोन वाजला की हा हात पुन्हा असाच शांतपणे पुढे जाईल, आणि आपण उरलेला चहा पिऊ.

संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन लावला. इर्शादच्या अपघाताचं सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही दुःख सांगताय असं मी समजले. तुम्ही बटण दाबताना घेता ती काळजी सांगत होतात, आणि मी ती काढून टाकली."

"परत आणता येईल?"

"नाही. नवी भीती बसू शकते, पण ती औषधाने बसत नाही. खरोखरचं काहीतरी असावं लागतं." आणि त्या पुढे म्हणाल्या, "तेजश्रीताई, एक विचारते. तुम्ही सांगितलं नाही असं काही राहिलंय का? राहिलं असेल तर तुम्हाला ते आता फार छळेल. आजूबाजूचं सगळं गेलंय, ते एकटंच उरलं असेल. शुक्रवारी या. एकाच बैठकीत तेही जाईल."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. डॉक्टर म्हणाल्या ते खरं होतं. 'मामा, सोडा की लाईट. झालं म्हणाले त्यांचं.' आतापर्यंत ते वाक्य रडण्याखाली, जागरणाखाली, रोजच्या थरथरीखाली दबून राहिलं होतं. आता वर काहीच उरलं नव्हतं. आपला आवाज तिला शब्द न् शब्द ऐकू आला. किती सहज होता तो आवाज. जरा लाडातलाच. नवऱ्यावर हक्क असलेल्या बाईचा.

तिला एकदम नवनाथ हवा झाला. पाच वर्षांनी. म्हणजे प्रेमही तिथेच राहिलं होतं, त्या न सांगितलेल्या वाक्याच्या आत.

शुक्रवारी गेलं की हेही जाणार. किती सोपं होतं. डोळे मिटायचे आणि एकदा म्हणायचं. आणि आपण म्हणू, हे तिला स्पष्ट दिसलं. शुक्रवारी नाही तर पुढल्या शुक्रवारी. एवढी कळ घेऊन एकट्याने कोण किती दिवस काढेल? आणि ती कळ गेली की त्या खुर्चीत फक्त एक हात बसलेला असेल. ही आठवण उपचाराच्या यंत्राआधी कुणाच्या तरी हवाली करायला हवी होती. अशा कुणाच्या, जो ती परत काढून टाकू देणार नाही.

तसं माणूस घरात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंगणात मटकी निवडत होती. तेजश्री तिच्यासमोर खाली बसली.

"आत्या, त्या दिवशी मामांना फोन मी केला होता."

आत्याने वर पाहिलं नाही. "कंच्या दिवशी?"

"ते गेले त्या दिवशी. गहू वाटायचे राहिले होते. हे म्हणाले, दहा मिनिटांत होतंय. मी मामांना सांगितलं, झालंय. सोडा म्हणून. त्यांनी माझ्या शब्दावर सोडली."

मटकीतला एक खडा आत्याच्या बोटांत राहिला. तिने तो बाजूला टाकला नाही. तिच्या चेहऱ्यावर काही येतंय का, हे तेजश्री पाहत राहिली. शिव्या, हंबरडा, काहीही चाललं असतं. तिला तेच हवं होतं.

"त्ये गहू म्या टाकलं उकिरड्यावर," आत्या म्हणाली. "चवथ्या दिवशी वास सुटला हुता. टाकताना वाटलं, आता कुणी खायाचं हे." मग ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. "सूरजला सांगू नगंस."

"आत्या..."

"सांगू नगंस म्हणती न्हवं! त्यो तुझ्या आवाजावर खांबावर चढतो."

त्यानंतर आत्या तिच्याशी एक शब्द बोलली नाही. भाकरी करून ठेवायची, ताटलीखाली झाकायची, आणि समोरून उठून जायची. शुक्रवार आला आणि गेला. तेजश्री साताऱ्याला गेली नाही.

सोमवारी पळसमाळच्या फीडरवर परमिट होतं. सूरज होता, बदलीवर आलेले दोन नवे लाइनमन होते. साडेदहाला तेजश्रीने ब्रेकर उघडला आणि मागे दार वाजलं म्हणून वळून पाहिलं. आत्या आली होती. दोन किलोमीटर ऊन तुडवत, डोक्यावर पदर घेऊन. परवानगी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिने चपला बाहेर काढल्या, भिंतीशी असलेल्या बाकावर बसली, आणि तेजश्रीच्या पाठीकडे बघत राहिली.

"आत्या, पाणी देऊ?"

आत्याने नुसता पदर पुढे ओढला.

तास गेला. खोलीत यंत्राची घरघर होती आणि मागे एका बाईचा श्वास. तेजश्रीने दोनदा मागे पाहिलं. दोन्ही वेळा आत्याचे डोळे तिच्यावरच होते. त्यांत राग नव्हता, माया तर नव्हतीच. एक मुलगा जिच्या शब्दाने गेला, तिच्या हातात दुसरा ठेवून बसलेल्या आईचे ते डोळे होते. तेजश्रीच्या पाठीतून खाली काहीतरी थंड उतरत गेलं आणि बोटांपर्यंत पोचलं.

अकरा पन्नासला फोन वाजला.

"वहिनी, सूरज. काम झालं."

"नाव सांगा पूर्ण." तिचा आवाज चिरकला.

"सूरज लक्ष्मण काळेल."

"पाय जमिनीवर आहेत का?"

"हायत."

"शेजारी कोण आहे? द्या त्यांना. मग तिसऱ्याला द्या. मग पुन्हा तुम्ही बोला."

पलीकडे नव्यांपैकी कुणीतरी हसलं आणि सूरजने त्याला गप्प केलं. एकेकाने नाव सांगितलं, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तेजश्रीचा हात बटणापाशी जाऊन थांबला. तिने तिसऱ्यांदा नावं घेतली. मागे बाक करकरला. आत्या उठून उभी राहिली होती.

तेजश्रीने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ सरळ गेली.

"आली लाईन, वहिनी," सूरज म्हणाला. "बारा मिनिटं लावलीत."

तेजश्रीने वेळ नोंदवली. आत्याने बाहेर जाऊन चपला घातल्या, पदर सारखा केला, आणि पाठमोरी असतानाच, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, तिच्याशी बोलली.

"उद्या हाय का परमिट?"

"आहे."

"किती वाजता?"